वेताळ श्रेष्ठ की बहादूर?

कोल्हापुरात कोणत्याही दोन गोष्टींची तुलना निघाली की तिची कुस्ती होते. दोन मिसळींची होते, दोन तालमींची होते, दोन नटांची होते, आणि निकाल लागल्यावाचून कोणी उठत नाही. खासबागेच्या मातीचाच हा गुण असावा. शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या मैदानात बसून ज्याने कुस्त्या पाहिल्या आहेत, त्याला ‘दोघेही आपापल्या परीने थोर’ हे वाक्य ऐकवत नाही. बरोबरीत सोडवलेली कुस्ती त्याला तिकिटाचे पैसे बुडाल्यासारखी वाटते. आम्ही याच गावात वाढलो. साहजिकच अकराव्या-बाराव्या वर्षी आम्ही जी कुस्ती लावली तीही निकालीच. तिच्यातले दोन्ही मल्ल मात्र कागदाचे होते. एक वेताळ आणि दुसरा बहादूर.

आम्ही म्हणजे चर्चच्या मागच्या अंगाला राहणारी आठ-दहा मुले-मुली. कोणाचे घराणे अहमदनगरकडून आलेले, कोणाचे सावंतवाडीकडचे, कोणी आजऱ्याचे, तर एक कुटुंब थेट वसईचे. घराघरांतली मराठी वेगळी, कालवणाची चव वेगळी. पण रविवारची मिस्सा एक, मिस्सेनंतरचे धर्मशिक्षण एक, आणि धर्मशिक्षण संपल्यावर चिंचेखाली उघडायचे इंद्रजाल कॉमिक्सही एकच. ‘एकच’ हे अक्षरशः खरे आहे. बिंदू चौकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका सायकलवाल्याच्या दुकानात दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे हे अंक टांगलेले असत. भाडे दिवसाला दहा पैसे. आठ जणांच्या भागीदारीत एक अंक येई. ज्याने त्या दिवशी सर्वांत जास्त पैसे घातले असतील तो मधोमध बसून मोठ्याने वाची, आणि उरलेले त्याच्या खांद्यांवरून चित्रे पाहात. चित्राआधी कोणी पान उलटले तर भांडण होई.

नव्या पिढीला सांगावयास हवे की टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने ही मालिका मार्च १९६४ मध्ये सुरू केली, इंग्रजीबरोबर मराठीसह अनेक भारतीय भाषांतून ती निघे, आणि आठशेहून अधिक अंक काढून १९९० मध्ये ती थांबली. तिचा पहिला नायक वेताळ, आणि अखेरपर्यंत तिचा खरा धनीही तोच. मँड्रेक जादूगार होता, फ्लॅश गॉर्डन होता; पण ते पाहुणे. वेताळ घरचा.

वास्तविक तो घरचा मुळीच नव्हता. अमेरिकेतील ली फॉक या लेखकाने १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वृत्तपत्रातील चित्रमालिकेत त्याला प्रथम आणले. सुपरमॅन १९३८ चा, बॅटमॅन १९३९ चा. म्हणजे अंगाबरोबर बसणारा पोशाख आणि बुबुळे न दिसणारा मुखवटा घालून दुष्टांचे निर्दालन करणाऱ्या वीरांत वेताळ थोरल्या भावाच्या जागी आहे. त्याचे मूळ इंग्रजी नाव ‘फँटम’. त्याचा ‘वेताळ’ ज्या कोणी केला त्याच्या कानाला दाद दिली पाहिजे. आपल्याकडे वेताळ झाडाला लटकतो, राजा विक्रमाला कोडी घालतो, आणि वेंगुर्ल्याजवळ आरवलीला तर वेतोबा म्हणून गावाची राखण करीत रात्रभर फिरतो. फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून भाविक त्याला भल्या मोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. आमच्यातल्या सावंतवाडीकरांच्या आजीने नातवाच्या तोंडी ‘वेताळ’ हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा त्यांनी चटकन क्रूसाची खूण केली आणि अंक चुलीजवळ नेऊन ठेवला. आतली चित्रे दाखवून त्यांची समजूत घालावी लागली. चित्रे पाहून त्या म्हणाल्या, “ह्यो वेतोबा न्हय. ह्याच्या पायांत चपला खंय आसत?” बूट दाखविल्यावर त्यांचे समाधान झाले नाही, पण अंक परत मिळाला.

वेताळाची जन्मकथा आम्हांला विश्वासांगीकारासारखी पाठ होती. १५३६ साली समुद्री चाच्यांनी एक जहाज लुटले. कप्तान मारला गेला, त्याचा मुलगा तेवढा लाटांबरोबर किनाऱ्याला लागला. जंगलातल्या बंदार जमातीच्या बुटक्या धनुर्धरांनी त्याला वाचवले. पुढे बापाच्या मारेकऱ्याची कवटी हाती घेऊन त्याने शपथ वाहिली, की चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्याविरुद्ध मी लढेन आणि माझ्यामागे माझी मुले लढतील. तेव्हापासून बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो. आपण वाचतो तो एकविसावा. जगाला वाटते तो एकच आहे, चारशे वर्षांचा आहे, मरत नाही.

या कल्पनेचे सामर्थ्य आम्हांला आजही वाटते. वेताळाला उडता येत नाही. गोळी लागली तर त्याला जखम होते. त्याच्यापाशी दैवी असे काहीही नाही. त्याचे अमरत्व एवढेच, की बापाने टाकलेले काम मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी उचलतो. वंशातल्या थोरल्या मुलाचे नाव किट, म्हणजे ख्रिस्तोफर, ठेवायचे अशी त्यांची चाल आहे. संत ख्रिस्तोफरने बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी पार केली ही कथा आपणांस ठाऊकच आहे. पाण्याच्या मध्यावर त्याला ओझे सोसेना. ली फॉकच्या मनात हे होते की नाही कोण जाणे, पण खांद्यावरच्या ओझ्याचे नाव त्याने अचूक निवडले खरे.

वेताळाचा पक्ष आमच्यात मोठा होता. त्याची गुहा कवटीच्या आकाराची, अंगठ्या दोन; उजव्या हाताच्या अंगठीचा ठसा दुष्टाच्या जबड्यावर कायमचा उमटतो, डाव्या हाताची खूण ज्याच्या दारी असेल त्याला अभय. शिवाय पांढरा घोडा आणि इमानी लांडगा. याहून अधिक अकरा वर्षांच्या मुलाला काय हवे? तरीही एक शंका आमच्यातल्या एका मुलीने त्या वयातच काढली होती आणि तिचे उत्तर कोणालाच देता आले नाही. “चारशे वर्सं झाली, तर त्या बुटक्यांतला एक बी वेताळ कसा झाला न्हाई?” तिने विचारले. प्रश्न बिनतोड आहे. गोरा माणूस कवटीच्या सिंहासनावर बसतो आणि रानातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याभोवती भाले घेऊन उभी राहतात, ही गोष्ट १९३६ च्या जगाला खटकली नाही. आपल्याला खटकायला हवी. इंद्रजालच्या संपादकांनाही काही टोचले असावे. मूळ कथेतल्या देशाचे नाव बंगालशी फार जवळचे होते, ते भारतात ‘डेंकाली’ झाले. चाच्यांची टोळी ‘सिंग’ होती, तिची ‘सिंगा’ झाली. नावे बदलली, सिंहासन तसेच राहिले.

आणि मग डिसेंबर १९७६ मध्ये बहादूर आला.

त्याला आबिद सुरती यांनी लिहिले आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी रेखाटले. ब्राह्मणियांनी रंगविलेली मुखपृष्ठे आम्ही आधीपासून ओळखत होतो. हिरव्या रानातला वेताळ त्यांनीच आम्हांला दाखविला होता. सुरतींची ओळख ‘धर्मयुग’ साप्ताहिकातल्या ‘ढब्बूजी’मुळे मोठ्यांना होती. त्यांचा बहादूर केशरी कुडता आणि जीन्स घालतो, जयगड नावाच्या गावात राहतो, आणि त्याला मुखवटा नाही. गावातली साधी माणसे जमवून तो ‘नागरिक सुरक्षा दल’ उभारतो आणि चंबळच्या दरोडेखोरांशी मुकाबला करतो. त्याच्याबरोबरीने लढणारी बेला आमच्यातल्या मुलींना विशेष प्रिय. डायनाला दर दोन अंकांआड कोणी तरी पळवून नेई आणि वेताळाला धावावे लागे. बेलाला पळवून नेणाराच पस्तावे.

चंबळ त्या काळी दूरची गोष्ट नव्हती. १९६० मध्ये विनोबा तिथे पायी गेले आणि डाकूंनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. १९७२ मध्ये जयप्रकाशांपुढे शेकडोंनी शस्त्रे खाली ठेवली. वडीलधाऱ्यांच्या तोंडून हे आम्ही ऐकलेले. पण पडद्यावरचे वारे उलटे वाहात होते. १९७५ चा ‘शोले’ आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाला संवादांसह पाठ, आणि त्यातल्या ठाकूरचा सूड हाच आमच्या मते न्याय. अशा हंगामात सुरतींनी जी कथा रचली ती पुन्हा नीट आठवून पाहण्यासारखी आहे. बहादूरचा बाप भैरवसिंग हा स्वतःच खतरनाक डाकू. पोलीस अधिकारी विशालच्या गोळीने तो मरतो. आणि मागे राहिलेल्या पोराला तोच विशाल घरी आणून मुलासारखा वाढवतो. मुलाच्या मनात सूड असतो. वेताळाच्या मूळपुरुषाच्या मनात होता तसाच, तितकाच न्याय्य वाटणारा. पुढे त्याला कळते की आपल्या बापाने गावोगावी काय केले. मग तो सूड टाकून देतो आणि बाप ज्या वाटेने गेला ती वाटच बंद करायला निघतो.

कथा म्हणून बहादूरचे अंक वेताळाच्या अंकांच्या पासंगाला पुरत नसत, हे मान्य केले पाहिजे. पुष्कळदा खलनायक पुठ्ठ्याचा, शेवट घाईचा. सुरतींनंतर जगजीत उप्पल यांनी लेखन केले, तेव्हा प्रसंग वाढले, पण पहिल्या कथेतला तो निखारा पुन्हा क्वचितच दिसला. मालिका थांबल्यावर वेताळ जगभर चालू राहिला. बहादूर तिच्याबरोबर संपला. चित्रकथेच्या आखाड्यात गुण द्यायचे तर वेताळच. आमची कुस्ती मात्र निराळ्या कारणाने रंगली.

१९७८ च्या जूनमध्ये आमच्या वस्तीत एक मुलगा आला. तो मामाकडे राहावयास आला होता. त्याचे वडील कळंब्याच्या तुरुंगात होते. गावी शेताच्या बांधावरून भांडण झाले, कुदळ उचलली गेली, समोरचा माणूस वाचला नाही. हे आम्हां सर्वांना ठाऊक होते, आणि ‘त्याच्यापुढं काढायचं न्हाई’ अशी घराघरांतून ताकीद होती. महिन्यातून एकदा मामीबरोबर कापडी पिशवी घेऊन तो कळंब्याला जाई. त्या दिवशी संध्याकाळी तो खेळायला येत नसे. वेताळाचा अंक वाचत असलो तर तो चिंचेच्या पलीकडे गोट्या खेळत बसे. बहादूरचा असला तर येऊन मागे उभा राही. पैसे मात्र दोन्ही वेळा घाली.

पुढच्या वर्षीच्या उपवासकाळात सिस्टरांनी सर्वांना कॉमिक्सचा त्याग करावयास लावला. चाळीस दिवस सायकलवाल्याच्या दोरीकडे न पाहता आम्ही त्या रस्त्याने गेलो. उपाशी माणूस जसा जेवणाविषयीच बोलतो, तसे आम्ही त्या काळात वेताळ-बहादूरांविषयीच बोलत होतो, आणि ईस्टर झाल्यावर पहिल्या रविवारी कुस्ती लावायची असे ठरले. पंच म्हणून आमच्या धर्मशिक्षक मास्तरांना धरून आणले. त्यांनी दोन्हींपैकी एकही अंक वाचलेला नव्हता. पंचाला हे फार सोयीचे असते.

वेताळपक्षाने भरभक्कम मांडणी केली. घोडा, लांडगा, अंगठ्या, चारशे वर्षे. मग त्या पक्षाचा म्होरक्या म्हणाला, “मास्तर, वेताळानं बापाचं नाव राखलं. पिढ्यान्‌पिढ्या राखलं. आणि हा बहादूर? ज्यानं बापाला गोळी घातली त्याच्याच ताटात जेवतोय. बापाला इसरला त्यो.”

बोलणाऱ्याच्या तोंडून शब्द गेले आणि मग आम्हां सर्वांच्या ध्यानात आले की मागे कोण उभे आहे. कोणी वळून पाहिले नाही. चिंचेवर कावळा होता तोही उडाला असता तर बरे झाले असते. मास्तर काही बोलणार तेवढ्यात मागून आवाज आला.

“इसरला न्हाई.”

त्याने एवढेच म्हटले आणि थांबला. मास्तर म्हणाले, “बोल की लेकरा.”

“इसरला असता तर राग आला नसता. त्येला राग आलाय, पयल्या अंकात हाय की. पर बापानं ज्या मान्सास्नी मारलं, त्येंची बी पोरं असतील न्हवं? ती कुणाच्या ताटात जेवत असतील?”

वेताळपक्षाजवळ याला उत्तर नव्हते. बहादूरपक्षाजवळही नव्हते, कारण आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात ती पोरे कधी आली नव्हती. चित्रांत ती नसतात. दरोड्याच्या चौकटीत घर जळते, पुढच्या चौकटीत घोडे पळतात, आणि गोष्ट घोड्यांच्या मागे जाते. हा मुलगा जळत्या घरापाशी थांबला होता. बांधाच्या पलीकडच्या घरातही दोन मुले होती, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी कळले. त्याला तेव्हाही ठाऊक होते. त्यांतला एक गावच्या शाळेत त्याच्याच वर्गात होता.

“मास्तर, निकाल सांगा,” कोणीतरी म्हणाले. मास्तरांनी धोतराचा सोगा सावरला आणि म्हणाले, “पोरांनो, पंचानं मधे पडून कुस्ती खेळायची नसते. उठा आता.” उठण्यापूर्वी त्यांनी नेहमीप्रमाणे प्रभूची प्रार्थना म्हणावयास लावली. ती एरवी आम्ही एका दमात उरकीत असू, कारण पुढे घरी जेवण असे. त्या दिवशी कोणी घाई केली नाही.

निकाल असा लागला नाही तो नाहीच. पण कोल्हापूरकराला निकालावाचून चैन पडत नाही, तेव्हा आमचा आम्ही देऊन टाकतो. वेताळाची शपथ मोठी आहे. पण ती मारेकऱ्याच्या कवटीवर घेतलेली आहे. कवटी बोलत नाही, तिला भूक लागत नाही, ती सकाळी उठून ‘रात्री झोप लागली का?’ असे विचारीत नाही. मेलेल्या शत्रूला साक्ष ठेवून चांगले काम करीत राहणे कठीण असेल, पण त्यात एक सुखही आहे. आपण बरोबर आहोत याविषयी चारशे वर्षांत एकाही वेताळाला शंका आलेली दिसत नाही. बहादूरच्या घरी ती शंका रोज जेवायला बसते. समोर विशाल आहे, जिवंत आहे, त्याने बापाला मारले आहे आणि तोच भाकरी वाढतो आहे. आणि बाप दोषी होता हे सत्य बाप आवडत असतानाच पचवायचे आहे. मुलगा म्हणून ज्याला हे करावे लागले त्याची कुस्ती अधिक जड गटातली. आम्ही बहादूरला गदा देतो. ज्यांना मान्य नसेल त्यांनी कोल्हापूरला यावे, मिसळ आमच्याकडून.

आमचा तो मित्र शिकला, उद्यमनगरात लेथवर काम शिकला, पुढे स्वतःचे छोटे वर्कशॉप घातले. शिक्षा भोगून वडील बाहेर आले ते त्याच्याचकडे राहिले आणि त्याच्याच घरी गेले. गावच्या जमिनीचे काय झाले हे आम्ही कधी विचारले नाही. एवढे ठाऊक आहे की बांधाच्या पलीकडच्या घरातला धाकटा काही वर्षे याच वर्कशॉपमध्ये कामाला होता.

काही वर्षांपूर्वी आबिद सुरती यांच्याविषयीची एक बातमी आम्हीच त्याला वाचून दाखविली. २००७ साली सत्तरी उलटलेल्या या लेखकाने मुंबईजवळच्या मीरा रोडला एक उपक्रम सुरू केला. दर रविवारी एक प्लंबर बरोबर घेऊन ते लोकांच्या घरोघरी जात आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून देत; थेंब थेंब वाहून जाणारे पाणी वाचावे म्हणून. बातमी ऐकून मित्राने लेथ बंद केले, हात पुसले, आणि नळाला कोणता वायसर बसवीत असतील यावर पंधरा मिनिटे बोलला. बहादूरचे नावही काढले नाही.

त्याच्या वर्कशॉपातल्या लोखंडी कपाटात, ड्रिलच्या डब्यांच्या वरच्या फळीवर, बहादूरचे अकरा मराठी अंक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेले आहेत. सायकलवाल्याचे दुकान मोडले तेव्हा ते त्याने वजनावर घेतले. पहिला मात्र त्यात नाही, डिसेंबर १९७६ चा, लाल विटांच्या घराची कथा असलेला. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत तो असेल तर संपादकांच्या पत्त्यावर दोन ओळी टाकाव्यात. पाने फाटकी असली तरी चालतील, मुखपृष्ठ नसले तरी चालेल. किमतीविषयी तो घासाघीस करणार नाही.